एकेचाळीस नंबर

बरडवाडीच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी रामहरी. त्याच्याशी कुणी हुज्जत घालायला आलं, की तो तोंडानं काही बोलायचा नाही, नुसतं बोट फळ्याकडं करायचा. "वाच. वाचता येत न्हाई तर येणाऱ्याला घेऊन ये." संपला विषय.

तो फळा म्हणजे रामहरीचा जीव की प्राण. संस्थेच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेला. दोन्ही वेळचं दूध मापून झालं की त्यावर खडूनं लिहायचं: सभासदाचा नंबर, लिटर, फॅट, आणि शेवटच्या रकान्यात 'उत्तम' नाहीतर 'खराब'. त्याच्या आधीचा सेक्रेटरी आकडे खिशात घालून फिरायचा. सोयऱ्याधायऱ्यांचं फॅट चढायचं, गरिबाचं उतरायचं, आणि विचारलं तर म्हणायचा, मशीन तसंच दाखवतंय, मी काय करू. संस्था बुडायला टेकली होती. रामहरीनं पहिल्याच आठवड्यात वडवणीहून फळा आणला आणि चेअरमन भगवानरावांच्या दुधापुढं 'खराब' लिहायची वेळ आली तेव्हा तेही ठसठशीत लिहिलं. भगवानराव महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. गाव मात्र म्हणायला लागलं, माणूस इमानाचा हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, त्या म्हणीचा रामहरीला भारी राग. झाकलेल्या मुठीत चोरीच असते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

फळ्यापायी गावात एक गंमत झाली होती. माणसांची नावं मागं पडली आणि नंबर पुढं आले. तेवीस म्हणजे भिवराबाई. सात म्हणजे भगवानराव. 'एकेचाळीसची म्हैस व्याली' म्हटलं, की छबुबाईची व्याली हे शेंबड्या पोरालाही कळायचं. सुनेचं नाव न घेणारी सासूसुद्धा तिचा नंबर खुशाल घ्यायची.

दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. अर्धी जनावरं चारा छावणीत, प्यायला टँकरचं पाणी, तेही दोन दिवसाआड. निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेल्यांची चूल पेटत होती ती या दुधावर. अशा वेळी शिवकन्या गावात आली.

शिवकन्या उमापूरची, शेतकऱ्याचीच लेक. शिकून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागली होती. उसाच्या फडावर एकेका पाचटाच्या कोपीत सहा-सहा माणसं झोपतात, दुष्काळात पोटाला कमी मिळतं, तेव्हा गावागावात टीबी किती पसरलाय ते त्यांना बघायचं होतं. ज्याला पंधरा दिवसांच्या वर खोकला आहे त्यानं सकाळी उठून डबीत बेडका द्यायचा, एवढंच काम. पण गाव काही डबीला हात लावेना. कारण मागं एकदा असेच कुणी शहरातून आले होते. रक्त काढून नेलं, दंडावर कापूस ठेवला, आणि गेले ते गेलेच. काय निघालं, कशाला नेलं, कुणाला काही पत्ता नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, यात गावाचं काय चुकलं सांगा.

पोरगी मोठी चिकट. दोन महिने तिनं डबीचं नाव काढलं नाही. टँकरच्या रांगेत बायांबरोबर हंडा लावायची, छावणीत शेण काढू लागायची, भिवराबाईच्या शिव्या हसत ऐकायची. मग एक दिवस ती रामहरीकडं आली. "काका, लोक माझं ऐकायचे न्हाईत. तुमचं ऐकतील."

"माझं ऐकतील," रामहरी म्हणाला, "पण माझी अट हाय. नेलेलं परत आलं पायजे. काय निघालं ते कळलं पायजे. न्हाईतर माझं तोंड काळं हुईल."

"महिन्याच्या आत येतंय. ज्याचं त्याला सांगणार, त्याच्याच कानात. दुसऱ्या कुणाला न्हाई."

हे ती संस्थेच्या ओट्यावर, सगळ्या बायांपुढं बोलली. रामहरी शेजारीच उभा होता. त्यानं मान डोलावली, आणि वर छबुबाईला म्हणाला, "कावून भितीस? मी हाय ना." छबुबाई पन्नाशीची, नवरा गेलेला, मुलगा-सून कोल्हापूरकडं तोडीला. घरात ती आणि म्हैस. म्हशीचं दूध जायचं म्हणून दोघी जगत होत्या. दिवाळीपासून तिला खोकला होता. ती म्हणाली, "तुमी म्हणताव तर देते भाऊ. माझा भरोसा तुमच्यावर हाय, त्या डबीवर न्हाई." तिनं दिली तशी आणखी तेरा जणांनी दिली. डब्यांवर नावाऐवजी दुधाचे नंबर घातले. पुण्याहून तसंच सांगितलं होतं, नाव नको, नंबर टाका.

आता पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगितलं पाहिजे.

तीन आठवडे झाले. बाया रोज दूध मापताना विचारायच्या, कागद आला का? रामहरी म्हणायचा, येतोय. एका गुरुवारी वडवणीच्या दूधगाडीबरोबर पाकीट आलं. आत एकच कागद, चौदा नंबर. तेरांपुढं निगेटिव्ह. एकेचाळीसपुढं पॉझिटिव्ह. रामहरीनं शिवकन्येला फोन लावला. तिच्या घरी उमापुरात आई आजारी होती. ती म्हणाली, "काका, कागद तसाच ठेवा. मी सोमवारी येते अन् एकेकीला भेटते. तवर कुणाला काही सांगू नका." बरं, म्हणाला.

ठेवायला काय, ठेवलाही असता. पण पाकीट आल्याचं गाडीवाल्यानं चार जणांना सांगितलं होतं, आणि संध्याकाळी किटली घेऊन आलेली भिवराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आलाय म्हणं कागद! सेक्रेटरीच्या खिशात हाय. जुना सेक्रेटरी काय अन् नवा काय, खिसे सगळ्यांचे सारखेच बया."

बस. मस्तकात तिडीक गेली रामहरीच्या. बारा वर्षं ज्यानं चेअरमनचं दूधसुद्धा झाकलं नाही, त्याला ही बाई जुन्या चोराच्या रांगेत बसवते? दूध मापून झालं, माणसं पांगली, तेव्हा त्यानं खडू घेतला. एकदा मनात आलं होतं, पोरीनं थांबायला सांगितलंय. मग त्यानंच स्वतःची समजूत घातली, नाव कुठं लिहितोय आपण, नंबर तर लिहितोय! चौदा नंबर एकाखाली एक लिहिले. शेवटच्या रकान्याशी आला आणि हाताला जी सवय होती तेच हातानं लिहिलं. तेरांपुढं उत्तम. एकेचाळीसपुढं खराब. वर मथळा दिला, 'खोकला तपासणीचा निकाल'. आणि मोठं काम केल्यासारखा घरी जाऊन जेवला. त्या रात्रीची भाकरी त्याला गोड लागली होती, ही गोष्ट पुढं त्याच्या मनातून कधी गेली नाही.

सकाळी संस्थेपुढं माणसं होती, पण गलका नव्हता. छबुबाई नेहमीसारखी रांगेत येऊन उभी राहिली आणि रांग तिच्यापासून बाजूला सरकली. भिवराबाईनं आपली किटली उचलून कमरेवर घेतली. "तिचं दूध आमच्या दुधात नको. सांगून ठेवते."

भगवानराव आले होते. त्यांनी रामहरीला आत घेतलं. "दूधगाडीवाल्याच्या कानावर गेलं ना बे, तर सगळ्या गावाचं दूध माघारी यील. दुष्काळ हाय. एकीपायी संस्था बुडवतो का? घिऊ नको."

रामहरी बाहेर आला तर छबुबाई फळ्यापुढं. तिला अक्षर येत नव्हतं, पण बारा वर्षांत एकेचाळीस तेवढं ओळखता यायला लागलं होतं. "भाऊ, माझ्या नंबराम्होरं काय लिव्हलंय? सगळ्यांच्या म्होरं एक अन् माझ्याच म्होरं दुसरं दिसतंय."

रामहरीच्या तोंडून निघून गेलं, "खराब."

"खराब?" बाईचा चेहरा पडला. "देवाशप्पथ भाऊ, थेंबभर पाणी न्हाई घातलेलं. घालायला पाणी हाय कुठं? टँकर आला न्हाई परवापासून. तुमी डिग्री लावून बघा ना." तिनं किटलीचं झाकण काढलं आणि किटली त्याच्यापुढं धरली.

आणि काय सांगावं, रामहरीनं खरंच डिग्री लावली. खरं बोलायचं सोडून त्यानं दुधात पाणी दाखवणारी काचेची नळी सोडली आणि खाली बघत राहिला. दूध चोख होतं. "दूध चांगलं हाय," तो पुटपुटला.

"मग खराब काय हाय?"

चाळीस माणसं उभी होती. बोलायचं होतं रामहरीनं, आणि त्याची दातखीळ बसली होती. शेवटी भिवराबाईच म्हणाली, "दूध न्हाई ग. तू. तुला टीबी हाय, छबे."

छबुबाईनं आधी भिवराबाईकडं पाहिलं, मग रामहरीकडं. तो काही तरी बोलेल म्हणून पाहिलं. त्यानं किटलीला झाकण लावलं आणि किटली तिच्या हातात परत दिली. "थोडे दिस घरीच ठेव दूध," एवढंच म्हणाला. तिनं तोंडाला पदर लावला आणि रांगेच्या कडेकडेनं, कुणाला धक्का लागू नये असं अंग चोरून, निघून गेली. रामहरीनं फळा पुसला. पण पुसून उपयोग काय? गावाचं पाठ झालं होतं.

सोमवारी शिवकन्या उतरली ती तडक संस्थेत आली. तिला वाटेतच कळलं होतं. ती ओरडेल, शिव्या देईल म्हणून रामहरी मान खाली घालून बसला होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नंबर मीच टाकलेत काका," ती म्हणाली. "पुण्यातल्यांना वाटलं नाव न्हाई म्हंजी कुणाला कळत न्हाई. हे गाव नंबरानंच हाक मारतंय, हे मला ठाऊक होतं. तरी मी तुमचेच नंबर घेतले, सोपं पडंल म्हणून. कागद बी तुमच्याच पत्त्यावर येऊ दिला. माझी चूक हाय ती."

"तुझी कशाची? तू थांब म्हणली होतीस."

"म्हणले होते. गावात अजून नऊ जण खोकतेत. पहिल्या खेपेला भ्यालते, आता हळूहळू तयार होत होते. आता एक बी डबी घेणार न्हाई. त्यांच्यातलं कुणी गेलं तर ते तुमच्या न् माझ्या दोघांच्या माथ्यावर हाय."

दोघं छबुबाईच्या घरी गेले. दार लावलेलं. शिवकन्येनं बाहेरूनच सांगितलं, की मावशी, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, माणूस पार बरा होतो. खोकल्यातून पसरतं ते, तुमच्या दुधाचा त्यात काही दोष न्हाई. आतून आवाज आला, "तू म्हणली होतीस माझ्या कानात सांगशील. सगळ्या गावाच्या शेवटी मला कळलं बाई." रामहरी बोलायला गेला, "छबुबाई, माझं चुकलं..." तर आतून नुसता खोकला ऐकू आला. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "म्हैस इकायला काढलीय. गिऱ्हाईक असलं तर धाडा." त्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः तिच्या दारात गेला आणि उंबऱ्याबाहेर किटली ठेवून बसला. "दूध घातल्याबिगर मी उठत न्हाई," म्हणाला. लई वेळानं दार फूटभर उघडलं, दूध किटलीत पडलं, दार लागलं. ती किटली घेऊन तो संस्थेत आला आणि सगळ्यांसमोर कॅनमध्ये ओतली. "ज्याला नको त्यानं आपलं दूध माघारी न्यावं. चूक छबुबाईची न्हाई, माझी हाय. मला त्या पोरीनं थांब म्हणलं होतं. मला ठाऊक होतं नंबर म्हंजी नावच हाय. मी माझ्या मोठेपणासाठी लिव्हलं. तिच्या तोंडावर मला एक शब्द बी फुटला न्हाई." भगवानराव राजीनामा दे म्हणाले, तो म्हणाला घ्या. तीन दिवस निम्म्या लोकांनी दूध घातलं नाही. चौथ्या दिवशी घातलं. त्यांना काही पश्चात्ताप झाला नव्हता. उन्हाळ्यात दूध घरी किती ठेवणार? म्हैस विकली गेली नाही. छबुबाईनं गोळ्या सुरू केल्या. आठवड्याभरानं ती स्वतः किटली घेऊन यायला लागली, पण रामहरीच्या हातात देताना मान दुसरीकडं करायची.

शिवकन्येनं मग गावात बसणंच सोडलं. वडवणीच्या बाजारच्या दिवशी ती तिथं एका खोलीत बसायची. ज्याला जायचं त्यानं बाजाराच्या निमित्तानं जायचं, डबी द्यायची, निकाल ऐकायचा. गावात ना कागद, ना नंबर. कोण जातं, किती जातात, रामहरीला काही ठाऊक नव्हतं आणि तिनं सांगितलंही नाही. लोक जात होते एवढं मात्र त्याला बाजाराच्या गाडीतल्या गर्दीवरून दिसत होतं. चला, थोडंतरी निस्तरलं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

दीड-दोन महिने गेले असतील. एका दुपारी तो जेवायला लवकर घरी आला. त्याची बायको विमलबाई परसात एकटीच जेवत होती. तिच्यापुढं एक वेगळी ताटली होती, कडेला चीर गेलेली, आणि एक पितळी पेला. तो बसल्यावर तिनं त्याला नेहमीचं ताट वाढलं, आणि आपली ताटली-पेला उचलून, वेगळी राख घेऊन, वेगळ्या कोपऱ्यात घासून ठेवली. मग तो बघायला लागला. तिचं अंथरूण हल्ली पडवीत होतं. उकडतंय, म्हणाली होती. नातीला ती जवळ घेत नव्हती. आणि सलग तीन बाजार ती वडवणीला गेली होती आणि रिकाम्या पिशवीनं आली होती.

तो तसाच उठून, हात न धुता, वडवणीची गाडी पकडून शिवकन्येकडं गेला. "विमल आली होती का इथं?"

शिवकन्येनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "काका, इथं कोण येतं ते मी कुणालाच सांगत न्हाई."

"अगं, मी नवरा हाय तिचा!"

"मला म्हाईत हाय. बसा, पाणी देते."

तो बसला नाही. घरी आला तेव्हा विमलबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. एकतीस वर्षांचा संसार.

"वडवणीला कशाला जातीस?"

तिनं सुपातले खडे बाजूला केले. "बाजाराला."

"विमल, मला खरं सांग. काय निघालं?"

"काय निघायचं ते निघालं. औषध चालू हाय. तुमी काळजी करू नका, मी भांडी येगळी ठेवलीत."

"अगं पण मला का न्हाई सांगितलंस? मी काय परका हाय?"

विमलबाईनं सूप खाली ठेवलं. ती रागावली नव्हती, हेच त्याला सोसवेना. "तुमी वाईट न्हाईत हो. पण त्या दिवशी छबूच्या मागं मी बी उभी होते रांगेत. तवा मला खोकला लागून आठ दिस झालते. मी तोंडात पदर कोंबून घरी आले, अन् ठरवलं, हे तुमच्यापासून लपवायचं."

लाजेनं रामहरीचे कान तापले होते, आणि डोळे भरले होते ते त्याला पुसताही येईनात, कारण ती बघत होती.

"मी कुणाला सांगितलं नसतं," कसाबसा तो म्हणाला.

"आता न्हाई सांगायचात. पण तवा मला कसं कळावं?" ती पदर सावरत उठली. "जेवणावरनं उठून गेलताव तुमी. चला, वाढते. अन् जरा लांब बसा माझ्यापासून."